बायपासनंतरची ‘रक्त पातळ’ गोळी: किती दिवस घ्यायची आणि थांबवायची कोणी?

गिरणाकाठच्या एका गावातले आबा पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या मेडिकलवर आले. नाशिकला बायपास होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. छातीला पट्टा, सोबत मुलगा. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची दोन पाकिटं काढली, काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, “भाऊ, ही बी रंगत पातय करानी, ती बी रंगत पातय करानी. आते तं काहीच तरास नही, मंग दोन्ही कसाले खाऊ?” म्हणजे दोन्ही गोळ्या रक्त पातळ करणाऱ्याच, आणि आता काही त्रासही नाही, मग दोन्ही कशाला खाऊ?

एक पाकीट ॲस्पिरिनचं होतं, दुसरं ॲपिक्साबॅन नावाच्या गोळीचं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आबांचे ठोके बिघडले होते, म्हणून दुसरी गोळी सुरू झाली होती. दोन दिवसांत ठोके जागेवर आले. मुलाने मॉनिटर स्वतः पाहिला होता, त्यामुळे घरी सगळ्यांचं एकमत झालं की ज्या कामासाठी गोळी होती ते काम झालं. दोन दिवसांपासून ती बंदच होती.

मी डॉक्टर नाही. वीस वर्षांहून जास्त काळ औषधं देतो आहे. जळगाव, धुळे, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी हृदयाचं ऑपरेशन करून आलेली माणसं डिस्चार्ज कार्ड घेऊन आधी आमच्याकडे येतात आणि डॉक्टरांपुढे विचारायचे राहून गेलेले प्रश्न आमच्यापुढे विचारतात. त्यातला हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याचं चुकीचं उत्तर सगळ्यात महागात पडतं. म्हणून तो मुळापासून मांडतो.

ठोके बिघडतात म्हणजे काय होतं

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. वरचे कप्पे आकसून रक्त खाली ढकलतात, खालचे ते फुप्फुसांकडे आणि शरीरभर फेकतात. केव्हा आकसायचं हा इशारा वरच्या उजव्या कप्प्यातल्या एका छोट्याशा ठिकाणाहून निघतो.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धत चालत आली आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं आणि कोणाच्या शेताची पाळी केव्हा हे पाटकरी सांगतो. तो सांगेल तसं दारं धरायचं. त्यामुळे सगळ्यांचं शेत भिजतं आणि पाटही फुटत नाही. आता अशी कल्पना करा की एका रात्री प्रत्येकाने आपल्या मनाने दारं फोडली. पाणी सगळीकडे आहे, पण पुढे सरकत कुठेच नाही. वरच्या कप्प्यांचं तसंच होतं. एका इशाऱ्याऐवजी शेकडो ठिकाणांहून इशारे सुटतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे. कप्पा आकसत नाही, नुसता थरथरतो. मधे एक दरवाजा असल्यामुळे हे सगळे इशारे खाली पोहोचत नाहीत, पण जे पोहोचतात ते वेडेवाकडे. नाडी मिनिटाला सव्वाशे-दीडशेवर जाते आणि तिला ताल राहत नाही. कोणाला धडधड जाणवते, कोणाला दम लागतो, आणि पुष्कळांना काहीही जाणवत नाही.

याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. दवाखान्यात ‘एएफ’ म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

बायपासनंतर साधारण दहातल्या तिघांना हा त्रास होतो. झडपेच्या ऑपरेशननंतर प्रमाण आणखी वाढतं. बहुतेक वेळा तो दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उगवतो. हृदयाला हात लागलेला असतो, त्याच्या आवरणाला सूज असते, वेदनेने आणि ताणाने अंगात ॲड्रेनलिन उसळलेलं असतं, सलाईनमुळे पाण्याचा तोल बदललेला असतो, रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम खालीवर झालेलं असतं. वय जास्त असेल तर वरच्या कप्प्यांची भिंत आधीच थोडी राठ झालेली असते. फुप्फुसाच्या, पोटाच्या किंवा मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशननंतरही एएफ होतो, पण त्याचं प्रमाण कमी.

हे सांगण्यामागे एक कारण आहे. ठोके बिघडले की ‘ऑपरेशनमध्ये काहीतरी चुकलं’ असं नातेवाइकांच्या मनात येतं आणि मग डॉक्टरांच्या प्रत्येक सूचनेवरचा विश्वास उडतो. उत्तम झालेल्या ऑपरेशननंतरही एएफ होतो. बहुतेकांचे ठोके दवाखान्यातच किंवा सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतात.

बिघाड छातीत, मग लकवा कसा?

दुधाला विरजण लावलं की आई भांडं हलवू देत नाही. हलवत राहिलं तर दही लागत नाही, शांत ठेवलं तर घट्ट लागतं. रक्ताचा स्वभाव यापेक्षा फार वेगळा नाही. वाहतं आहे तोवर रक्त रक्तच राहतं, एखाद्या कोपऱ्यात रेंगाळलं की गोठायला लागतं.

हृदयात असा कोपरा आहे. वरच्या डाव्या कप्प्याला आंगठ्याएवढा एक खिसा असतो. कप्पा नीट आकसतो तेव्हा या खिशातलं रक्तही हलतं. कप्पा थरथरायला लागला की खिशातलं रक्त साचतं. झडपेचा आजार नसलेल्या एएफच्या रुग्णांत हृदयातल्या रक्ताच्या गाठी शोधल्या तेव्हा दहातल्या नऊ या खिशातच सापडल्या. गाठ सुटली तर ती खालच्या डाव्या कप्प्यातून मोठ्या धमनीत शिरते, आणि त्या धमनीच्या पहिल्या काही फांद्या मेंदूकडे जातात. तिथे ती अडकली की एक बाजू लुळी पडते. आपण लकवा म्हणतो तो हाच.

कायमच्या एएफमध्ये लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासाने १९९१ साली दाखवलं. ऑपरेशननंतर दोन-चार दिवस आलेल्या एएफला हा पाचपटीचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण धोका शून्यही नाही. ही गोळी किती काळ घ्यायची यावर वाद होतो तो याच दोन वाक्यांमधल्या जागेत.

दोन्ही गोळ्या रक्त पातळ करतात ना, मग एक पुरे!

आबांचा मूळ प्रश्न हा होता आणि तो चुकीचा नव्हता. चूक आहे ती ‘रक्त पातळ करणारी गोळी’ या शब्दात. वरणात पाणी ओतावं तसं रक्त या गोळीने पातळ होत नाही. रक्ताचा रंग आणि दाटपणा होता तसाच राहतो, अशक्तपणाही येत नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ तेवढा वाढतो.

रक्त गोठतं दोन टप्प्यांत. बांध फुटला की आपण आधी हाताला येतील ते दगड टाकतो. रक्तात हे काम बिंबिका नावाचे बारीक कण करतात, ते धावत येऊन एकमेकांना चिकटतात. पण नुसत्या दगडांतून पाणी झिरपत राहतं. मग त्यावर काटेरी झुडपं, गवत, चिखल यांचं जाळं बसवावं लागतं. रक्तात ते जाळं फायब्रिन नावाच्या धाग्यांचं असतं.

अरुंद धमनीत रक्त जोरात वाहतं. तिथली गाठ मुख्यतः ‘दगडांची’ असते, म्हणून हार्ट अटॅक टाळायला आणि बायपासची नवी नळी उघडी ठेवायला ॲस्पिरिन. ती बिंबिकांना चिकटू देत नाही. हृदयाच्या खिशात रक्त साचलेलं असतं. तिथली गाठ मुख्यतः ‘जाळ्याची’ असते, तिथे जाळं विणू न देणारी गोळी लागते. ॲपिक्साबॅन, रिव्हॅरोक्साबॅन, डॅबिगॅट्रान, वॉरफॅरिन, ॲसिनोकूमॅरॉल या सगळ्या त्या दुसऱ्या जातीच्या. एएफच्या रुग्णांत ॲस्पिरिन आणि ॲपिक्साबॅन यांची थेट तुलना २०११ साली प्रसिद्ध झाली. ॲपिक्साबॅनच्या गटात लकव्याचं प्रमाण निम्म्याहून कमी निघालं आणि मोठ्या रक्तस्रावात ठळक फरक नव्हता.

म्हणजे आबांच्या दोन गोळ्या दोन वेगळ्या दारांवर राखणीला बसवल्या होत्या. एकीला उठवून दुसरीवर भागत नाही. दोन्ही एकदम चालू असताना रक्तस्रावाची शक्यता वाढते हेही खरं, म्हणून ही जोडी किती दिवस चालवायची आणि आधी कोणती थांबवायची हे डॉक्टर प्रत्येकाचं पाहून ठरवतात.

“ही तर उंदीर मारायची गोळी!”

हे वाक्य मोबाईलवर फिरून आमच्या काउंटरवर येतं. त्यामागची हकीकत गुराढोरांची आहे, म्हणून आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती पटकन कळते.

१९२०च्या दशकात कॅनडातली आणि अमेरिकेच्या उत्तर भागातली गुरं अचानक रक्त जाऊन मरू लागली. शिंग कापलं, खच्चीकरण केलं, की रक्त थांबायचंच नाही. कारण निघालं चाऱ्यात. लसूणघासाच्या कुळातला एक चारा ओलसर राहून बुरसला होता. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात पोहोचला. तिथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढच्या काही वर्षांत त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच कुळातलं वॉरफॅरिन १९४८ साली उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ साली माणसांसाठी मंजूर झालं. १९५५ साली हार्ट अटॅक आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं.

तेव्हा गोष्ट खोटी नाही, पण औषध आणि विष यांच्यात मात्रेचं अंतर असतं. आपल्याकडे वॉरफॅरिनपेक्षा त्याचं भावंड ॲसिनोकूमॅरॉल जास्त चालतं. या दोन्ही गोळ्यांची मात्रा प्रत्येकाला वेगळी लागते, म्हणून आयएनआर नावाची रक्त तपासणी वारंवार करावी लागते. साध्या माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. गोळी चालू असताना एएफसाठी तो सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात, काही कृत्रिम झडपांसाठी थोडा वर. खाली गेला तर गाठीचं भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचं.

नव्या गोळ्यांना, म्हणजे ॲपिक्साबॅन, रिव्हॅरोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांना, आयएनआर लागत नाही. पूर्वी त्या फार महाग होत्या. पेटंट संपून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून किंमत बरीच उतरली आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावरून आयएनआरसाठी दर पंधरा दिवसांनी खाली उतरायचं म्हणजे एक रोज बुडतो, गाडीभाडं वेगळं. अशा माणसासाठी नवी गोळी ही चैन नाही, आणि हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवं.

मात्र दोन ठिकाणी जुनीच गोळी हवी. एक, धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल तर. दुसरं, लहानपणीच्या सांधेतापाने डावीकडची झडप चांगलीच आकसलेली असेल तर. अशा झडपेच्या एएफमध्ये रिव्हॅरोक्साबॅनपेक्षा जुन्या गोळ्याच सरस ठरल्या, हे २०२२ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं. आपल्या भागात असे रुग्ण आहेत. म्हणून ‘शेजारच्या काकांना तपासणी लागत नाही, आम्हालाही तीच द्या’ असं कोणी म्हटलं तर मी देत नाही.

भरीत खायचं की नाही?

जुन्या गोळ्या व्हिटॅमिन के अडवून काम करतात आणि हे व्हिटॅमिन हिरव्या पानांत भरलेलं असतं. म्हणून ‘पालेभाजी बंद’ अशी एक समजूत घरोघर आहे. ती चुकीची आहे. पालेभाजी रोज थोडी खात असाल तर रोज थोडी खा, डॉक्टर त्या हिशेबानेच गोळीची मात्रा बसवतात. हा हिशेब मोडतो तो एकदम केलेल्या बदलाने.

आपल्याकडे हा बदल हिवाळ्यात होतो. वांगं मुळीच आडवं येत नाही. पण खान्देशी भरीत म्हणजे नुसतं वांगं नव्हे, त्यात मुठीने कांद्याची पात आणि कोथिंबीर पडते, आणि या दोन्हींत व्हिटॅमिन के भरपूर. त्याच दिवसांत मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी ताटात येते. शेतात भरीत पार्टी एकदा झाली तर बिघडत नाही. महिनाभर आठवड्यातून चार वेळा तसं जेवण होणार असेल तर आयएनआर एकदा लवकर करून घ्यावा. नव्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी भाजीची ही काळजी सोडून द्यावी.

केळ्यांचं मला फार विचारतात, रावेर-यावलकडचे लोक तर हमखास. केळ्यात व्हिटॅमिन के नगण्य असतं, त्यामुळे या गोळीशी त्याचं भांडण नाही. मूत्रपिंड अधू असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर केळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं लागतं, पण तो हिशेब वेगळा. लसणाचंही तसंच आहे. फोडणीतला लसूण खुशाल खा, मात्र लसणाचं दूध पिऊन गोळी सोडता येत नाही. लसणाच्या कॅप्सूल, अर्क, काढे घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

ठोके नीट झाले, तरी गोळी का?

आबांच्या मुलाने मॉनिटर पाहिला होता, मग अडचण काय?

पहिली अडचण अशी की मॉनिटरवर विजेचा इशारा दिसतो, भिंतीची ताकद दिसत नाही. थरथरून थकलेला कप्पा इशारा सुधारल्यावर लगेच पूर्वीसारखा आकसत नाही. तापातून उठलेला माणूस चालायला लागतो, पण त्याच दिवशी नांगर धरत नाही. कप्प्याला पूर्ण जोर यायला काही आठवडे लागू शकतात आणि तेवढा वेळ खिशातलं रक्त रेंगाळतं. शॉक देऊन ठोके जागेवर आणल्यानंतरही किमान चार आठवडे ही गोळी ठेवतात, ती याचसाठी.

दुसरी अडचण जास्त फसवी. एएफ परत येतो आणि पुष्कळदा गुपचूप येतो. रात्री झोपेत दोन तास ठोके बिघडून सकाळी जागेवर आले तर कोणाला कळणार?

म्हणून अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की हृदयाच्या ऑपरेशननंतर एएफ झाला आणि रक्तस्रावाची अडचण नसेल तर ही गोळी ६० दिवस देणं योग्य, आणि मग तिची गरज पुन्हा तपासावी. डिस्चार्ज कार्डावर ‘दोन महिने’ लिहिलेलं असतं ते बहुतेक इथूनच आलेलं असतं. यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत आहे असं मात्र समजू नका. ताज्या टाक्यांभोवती, हृदयाच्या आवरणात रक्त साचण्याचं भय सर्जनला असतं, म्हणून एएफ फार थोडा वेळ टिकला असेल तर काही जण गोळी सुरूच करत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला गोळी दिली नाही आणि आपल्याला दिली, यात चूक कोणाचीच नसते.

साठ दिवसांनी डॉक्टर काय पाहतात? एक तर ठोके. ईसीजी, आणि शंका असेल तर अंगावर यंत्र लावून चोवीस तास किंवा जास्त दिवसांची नोंद. त्यासोबत तुमच्या धोक्याचे गुण मांडतात, त्या पद्धतीला चॅड्स-व्हॅस्क म्हणतात. वय ६५ ते ७४ असेल तर एक गुण, ७५ किंवा वर असेल तर दोन. ब्लडप्रेशर, मधुमेह, अशक्त झालेलं हृदय, धमन्यांचा आजार यांना एकेक. आधी कधी लकवा येऊन गेला असेल तर दोन. बाईमाणसाला एक गुण देत असत, पण युरोपातल्या २०२४च्या सूचनांनी तो काढून टाकला. बायपास झालेल्या माणसाचा धमन्यांचा एक गुण आधीच लागलेला असतो. गुण जितके जास्त तितकं गोळी पुढे चालू ठेवण्याकडे झुकतं माप. युरोपच्या त्याच सूचना सांगतात की गुण जास्त असतील तर ऑपरेशननंतरच्या एएफमध्येही दीर्घकाळ गोळीचा विचार व्हावा.

मग कायमचीच का नाही?

कारण गोळीची किंमत रक्तात मोजावी लागते. डेन्मार्कमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर २०१८ साली असं दिसलं की बायपासनंतर पहिल्यांदा एएफ झालेल्यांना पुढे गाठीचा धोका नेहमीच्या एएफवाल्यांपेक्षा कमी होता. धोका कमी असलेल्या माणसाला रक्तस्रावाची जोखीम कायम का द्यायची, हा प्रश्न त्यातून येतो. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखं हे की हृदय सोडून इतर ऑपरेशनांनंतरच्या एएफमध्ये त्याच देशातल्या नोंदींनी उलट चित्र दाखवलं. तिथे धोका नेहमीच्या एएफएवढाच निघाला. त्यामुळे खुब्याच्या ऑपरेशननंतर ‘एकदाच ठोके बिघडले होते’ असं म्हणून ते प्रकरण सोडून देऊ नये.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. भुसावळकडचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर महिन्याला आमच्याकडून ही गोळी नेत. चिठ्ठी जुनी, चुरगळलेली. मी पाकीट देत राहिलो. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून अधूनमधून दुखण्याची गोळीही नेत, कधी आमच्याकडून, कधी दुसरीकडून. एके दिवशी त्यांची मुलगी सांगत आली, वडिलांना काळी शौच होते आहे आणि उठलं की अंधारी येते. पोटात जखम होऊन रक्त जात होतं. दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या द्याव्या लागल्या, ते वाचले. नंतर मी त्यांचं मूळ कार्ड मागून वाचलं. गोळी दोन महिन्यांसाठी लिहिली होती आणि त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात ते कोणत्याही डॉक्टरकडे गेले नव्हते. मी एकदा जरी कार्ड उघडलं असतं तर ते सगळं टळलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे या गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने पुढच्या तपासणीची तारीख लिहिली जाते. कार्डावर तारीख नसेल तर आम्ही माणसाला फोन करून विचारायला लावतो. ‘बंद कधी करायची’ असं नाही, तर ‘गोळी हवी की नको हे पुन्हा कधी पाहणार’ असं विचारायला सांगतो, कारण तारीख आली म्हणून गोळी आपोआप बंद होत नाही. ती डॉक्टरच बंद करतात, किंवा पुढे चालू ठेवतात.

दुखणं, दात आणि उन्हाळा

सगळ्यात आधी दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक आणि त्यांची मिश्रणं किराणा दुकानातही मिळतात. जाळं विणू न देणाऱ्या गोळीसोबत त्या पोटात रक्तस्राव घडवतात. अंगदुखीला डॉक्टरांना विचारून साधं पॅरासिटामॉल घ्यावं. एएफ आवरायला दिलेली ॲमिओडॅरोन नावाची गोळी जुन्या गोळ्यांचा जोर वाढवते, म्हणून ती सुरू झाल्यावर आणि बंद झाल्यावरही काही आठवडे आयएनआर थोड्या थोड्या दिवसांनी करावा लागतो. क्षयाच्या औषधांतली रिफॅम्पिसिन उलट, नव्या-जुन्या दोन्ही गोळ्यांचा जोर घालवते. काही अँटिबायोटिक आणि बुरशीच्या गोळ्याही गडबड करतात. तेव्हा सर्दी-तापासाठी गेलात तरी गोळीचं नाव आधी सांगायचं.

दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनाने चार दिवस गोळी बंद करून जाऊ नका. नव्या गोळ्यांचा अंमल साधारण दिवसभरात ओसरतो. एक दिवस चुकली तरी त्या दिवशी दार उघडं राहतं. चुकल्याचं त्याच दिवशी, पुढच्या गोळीची वेळ जवळ येण्याआधी लक्षात आलं तर घ्या, पण दोन एकदम कधीच घेऊ नका. रिव्हॅरोक्साबॅनची मोठी मात्रा जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी तिचा साधारण तिसरा हिस्सा गुण वाया जातो. एकादशीला तर हमखास असं होतं. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून गुळात घालून द्यायची नाही.

म्हातारं माणूस पडेल म्हणून गोळी नको, असं मुलं म्हणतात. त्यांची भीती खरी आहे. पण नुसत्या पडण्याच्या भीतीने गोळी बंद करावी असं डॉक्टर सहसा म्हणत नाहीत. अंगणातला दगड हलवा, रात्री न्हाणीपर्यंत दिवा ठेवा, चष्मा तपासा. डोक्याला मार लागला तर मात्र जखम दिसो न दिसो, दवाखाना गाठायचाच.

आणि आपला उन्हाळा. जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा जुलाब झाले किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर ताण येतो. नव्या गोळ्या कमी-अधिक प्रमाणात मूत्रपिंडातूनच बाहेर पडतात, डॅबिगॅट्रान तर बहुतांशी. मूत्रपिंड थकलं की गोळी अंगात साचते. गोळी चालू असेल तर क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्त तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवू नये, आणि उलट्या-जुलाब लांबले तर कळवावं. हृदय अशक्त असलेल्या काहींना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं. त्यांनी तो आकडाही उन्हाळ्याआधी विचारून घ्यावा.

दवाखान्यात धावायचं केव्हा

काळी डांबरासारखी शौच, लघवीत लाली, दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त, अचानक आलेली भयंकर डोकेदुखी. ऑपरेशननंतरच्या दिवसांत एकाएकी दम लागणं आणि चक्कर येणं. यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही.

तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळलं, तर १०८ला फोन करा. तोंडात पाणी, गोळी, काढा काहीही घालू नका. लकव्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ घड्याळात पाहून ठेवा. रक्त न गोठू देणारी गोळी अंगात असेल तर ते इंजेक्शन द्यायचं की दुसरा उपाय करायचा हे डॉक्टरांना तिथल्या तिथे ठरवावं लागतं. कार्ड सोबत न्या. गोळीचं नाव आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ती वेळ, या दोन गोष्टी स्ट्रेचर आत जाण्याआधी सांगा.